बोस्टनच्या पत्राला हळदकुंकू

जुन्या अमेरिकन टपाल तिकिटांचा नाद मला गुडगावात लागला, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. नाद लागायला रिकामा रविवार पुरतो, आणि आमच्या त्या नव्या वसाहतीत रविवार अगदी रिकामा असायचा. वीज नाही, पाण्याच्या टँकरचा पत्ता नाही, आणि नवरा क्रिकेट बघायला जनरेटरवाल्या शेजाऱ्यांकडे. कुंपणापलीकडे अजून मोहरीची शेतं होती. सकाळी मोर ओरडायचे आणि दिवसभर काँक्रीट मिक्सर. बघावं तेव्हा एक नवी काचेची इमारत वर आलेली असायची. पुण्याहून आलेली आमच्यासारखी माणसं त्या धुळीत भांबावलेली होती आणि मनातून भलतीच खुशीतही होती.

मी ओखल्याला एका कपडे निर्यात करणाऱ्या ऑफिसात होते. आमची सगळी गिऱ्हाइकं अमेरिकेतली. टपालाने येणाऱ्या पाकिटांवरची तिकिटं मी जमवायची, तीही लहानपणी सगळी पोरं करतात तशीच. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीभर पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर वाळवायचं. न्यूयॉर्कच्या ऑफिसातल्या एका वयस्क बाईंना हे मी एकदा फॅक्सच्या शेवटी सहज लिहिलं. काही आठवड्यांनी त्यांच्याकडून एक जाड पुडकं आलं. त्यांच्या आजोळच्या माळ्यावर सापडलेली शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची पत्रं, तिकिटांसकट. सोबत चिठ्ठी होती आणि तिचा अर्थ एवढाच, की यातलं एक तरी तिकीट पाण्यात बुडवशील तर याद राख.

मी पत्रं उलगडून बसले आणि त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही. पत्रावर चिकटलेलं तिकीट सगळं सांगतं. पत्र कुठल्या गावाहून निघालं, कुठल्या बोटीने गेलं, वाटेत कुणी शिक्का मारला, कुणाच्या हातात पडलं. वाटीत बुडवून आपण हे सगळं धुऊन टाकत होतो, हे कळल्यावर मला अक्षरशः घाम फुटला. त्यानंतर मी सुटं तिकीट हातात धरलं नाही. पाहिजे ते पत्रासकट, आणि पाहिजे ते अमेरिकेचंच.

दिल्लीत तिकीटवाल्यांचं एक मंडळ होतं. बहुतेक सगळे पुरुष, बहुतेक सगळे निवृत्त, आणि सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं हे ते मला दर बैठकीत नव्याने सांगत. त्यातले एक कर्नलसाहेब मात्र चेष्टा करता करता शिकवायचेही. अमेरिकेने १८४७ साली पहिली दोन तिकिटं काढली हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एक दहा सेंटचं काळं, त्यांच्या पहिल्या अध्यक्षांचं. दुसरं पाच सेंटचं तपकिरी, त्यावर गळ्याला पांढरं गुंडाळलेले, टक्कल पडत आलेले एक थोर गृहस्थ. कडेला दाते नाहीत; पोस्टमास्तर कात्रीने कापून द्यायचा. ते तिकीट लावलेलं मूळ पत्र मिळणं कठीण, आणि ते पत्र हिंदुस्थानात आलेलं असणं म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट. मंडळाचं मोठं प्रदर्शन दिवाळीनंतर होणार होतं आणि मी माझी पत्रं त्यात मांडणार होते. कर्नलसाहेबांनी माझे सालवार लावलेले मांडणीचे कागद चाळले आणि म्हणाले, "सब अच्छा है बेटा। लेकिन पहला पन्ना तो खाली है।"

तो कोरा पहिला कागद मला जेवू देईना. म्हणजे मी जेवत होतेच, पण बडबडत जेवत होते. अशीच एका रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये थालीपीठ खाता खाता नवऱ्याचं डोकं खात होते. आजूबाजूला परीक्षांची तयारी करणारी गावाकडची मुलं पुस्तकं उघडी ठेवून जेवत होती. आमच्याच टेबलावर समोर एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. सुती साडी, स्टीलचा चष्मा, ताट अगदी लख्ख पुसलेलं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, "मी ऐकत होते. न ऐकून सांगते कुणाला! आमच्याकडेही आहे एक अमेरिकेचं पत्र."

दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घरात तेव्हा अमेरिकेचं पत्र होतं. कुणाचा ना कुणाचा भाचा तिकडे कॉम्प्युटरवर बसलेला असायचाच. मी तोंडदेखलं "अच्छा?" म्हटलं आणि थालीपिठाकडे वळले.

"जुनं आहे. माझ्या पणजीला आलेलं. बोस्टनहून नगरला."

घास घशात अडकला. नवऱ्याने पाणी पुढे केलं.

"तिकीट आहे त्यावर?"

"आहे की. छोटंसं तपकिरी. गळ्याला काहीतरी गुंडाळलेला एक टकला माणूस."

"आणि कडा? कडेला दाते आहेत का?"

"नाही बाई. सरळ कापलेलं आहे."

मी उभी राहिले होते म्हणे. मला आठवत नाही. नवरा अजून सांगतो, की मी बाईंचं ताट स्वतः उचलून ठेवलं आणि त्यांना हाताला धरून आमच्या मारुती गाडीत बसवलं, त्यांनी 'चला' म्हणायच्या आत.

बाई पहाडगंजच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि तिथेच, खाली बॅगांची घाऊक दुकानं असलेल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. घरात शिरल्याबरोबर त्यांनी मला हात धुवायला लावले आणि पुसायला घडीचा नॅपकिन दिला. मग कपाटातून जुनं, चामड्याच्या पुठ्ठ्याचं बायबल काढलं आणि त्यातून मलमलीत गुंडाळलेलं पत्र.

निळसर कागदाचा एकच ताव. त्याचीच घडी घालून त्याचंच पाकीट केलेलं, पाठीमागे लाखेचा तुकडा. वरच्या कोपऱ्यात ते तपकिरी तिकीट, चारही कडा शाबूत, अंगावर तांबड्या रेघांचा शिक्का. खाली मुंबईला बोटीतून उतरल्याचा दुसरा शिक्का. मी काहीतरी बोलले, पण ते कुठल्याच भाषेत नसावं.

"आत काय आहे?" नवऱ्याने विचारलं. मला ते सुचलंही नव्हतं.

"आत मराठी आहे," बाई म्हणाल्या. "पाठवणारी मिशनची मडम, मराठी शिकलेली होती. लिंबाच्या लोणच्याला मीठ किती घालायचं ते विचारलंय. तिकडे जाऊन तिचं बिघडलं होतं."

आम्ही हसलो, पण बाईंनी पत्र परत पालथं करून पत्त्याची बाजू वर आणली. पणजीची गोष्ट त्यांनी शाळेतल्या बाईंसारखी सरळ सांगितली. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत ती शिकली. सोळाव्या वर्षी ख्रिस्ती झाली. माहेरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली. ती त्याच गावात, चार गल्ल्या सोडून राहत होती, पण त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. पुढे ती त्याच शाळेत शिकवू लागली. तिची मडम बोस्टनकडे परत गेली आणि तिथून तिने हे पाठवलं.

"बाकी सगळी पत्रं यायची ती पाद्र्यांच्या नावाने. हे तिच्या नावाने आलं. बघा, पूर्ण नाव. सातासमुद्रापलीकडून, एका बाईमाणसाच्या नावाने, त्या काळात!"

मी बघितलं. म्हणजे डोळे तिकडे नेले. ते नाव मी इथे लिहीत नाही. वाचायचं तर पत्रासमोर उभं राहून वाचावं, अशी बाईंची इच्छा, आणि ती मी मोडणार नाही.

"प्रदर्शनाला देते तुम्हाला," बाई म्हणाल्या. "माझ्यामागे आता कुणी नाही. एकदा हे चारचौघांत लागावं असं फार आहे मनात. पण माझी एकच अट. लोकांनी तिचं नाव वाचलं पाहिजे. तिकीट बघा, खुशाल बघा. पण नाव वाचा."

हो, हो, अगदी, बिल्कुल, असं मी सगळ्या भाषांत म्हटलं. त्या क्षणी त्यांनी कुतुबमिनार उचलून आणायला सांगितला असता तरी मी हो म्हटलं असतं. परतताना गाडीत मी पत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि नवऱ्याला दर खड्ड्याला ओरडत होते, जणू खड्डे त्यानेच खणले होते.

त्याच सुमारास दसरा-दिवाळीसाठी सासूसासरे साताऱ्याहून आले. पत्र मी एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवलं होतं आणि सगळ्या घराला ताकीद दिली होती.

"ही घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. कुणी हात लावायचा नाही."

"सोन्यापेक्षा?" सासूबाईंनी विचारलं.

"सोन्यापेक्षा, आई."

मी हे बोलायला नको होतं.

दसऱ्याला सकाळी मी खाली आमच्या मारुतीला झेंडूची माळ घालायला गेले. वर आले तर सासूबाईंनी पाटावर पूजा मांडलेली. विळी, कात्री, पाना, मिक्सरचं भांडं, सासऱ्यांचं पेन, आणि सगळ्यांच्या मधोमध, आपट्याच्या पानांच्या शेजारी, बोस्टनचं पत्र. पिशवीतून बाहेर काढलेलं. पत्त्यावर ओल्या बोटाने लावलेली हळद, आणि तिच्या खाली लालभडक कुंकू.

मी जी किंचाळले त्याला तोड नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी हातात लाटणं घेऊन धावत आल्या. "क्या हुआ जी?"

"चिट्ठी को टीका लगा दिया," नवरा म्हणाला.

"लो! ये तो शुभ होता है," असं म्हणून त्या परत गेल्या.

"आई, पिशवीतून काढलंत कशाला?"

"प्लास्टिकला काय कुंकू लावायचं?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि सणासुदीला ओरडू नकोस. त्या टकल्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. बाईमाणसाचं नाव दिसलं. वाचता आलं मला सरळ. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी होतं म्हटलं. इतक्या लांबून बाई घरात आलेली, तिला हळदकुंकू न लावता कशी बसवू?"

माझं लक्ष कुठे होतं त्यांच्या बोलण्याकडे! मी फूटपट्टी घेऊन तिकिटापासून कुंकवाचं अंतर मोजत होते. तिकीट वाचलं होतं. कुंकू नावाच्या बरोबर डोक्यावर होतं, पहिल्या अक्षराला जेमतेम टेकलेलं. हळद कागदात मुरली होती. पुरणपोळी केली होती. मी खाल्ली, पण रागाने खाल्ली, आणि रागाने जरा जास्तच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन मी कर्नलसाहेबांकडे धावले. त्यांनी भिंग लावलं, तिकीट पाहिलं आणि खुर्चीतून जवळजवळ उडालेच. मला वाटलं आता नाचतात की काय. मग भिंग खाली सरकलं.

"अरे बेटा, ये क्या कर दिया!"

मी सांगितलं. ते आधी हसले, मग विचारात पडले. कोमट पाण्यात हलकेच धुतलं तर लाल रंग निघेल, त्यांनी अशी कितीतरी पत्रं साफ केली होती. तिकिटाला ते आधी कागद लावून जपतील. पत्र स्वच्छ असलं तर पदक नक्की, आणि तेही सोन्याचा मुलामा दिलेलं. डाग राहिला तर परीक्षक पुढे सरकणार. शाईचं काय, मी विचारलं. शाई जुनी आहे, तिथली अक्षरं फिकी होतील, एखाददुसरं जाईलही.

"जाने दो," ते म्हणाले. "पता कौन देखता है?"

मी हो म्हणणार होते. खरंच. तोंड उघडलं होतं. आणि ते उघडं असतानाच मला सासूबाईंचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. बाईमाणसाचं नाव दिसलं. मी ते पत्र किती दिवस भिंगाखाली धरून बसत होते, तिकिटाच्या छपाईतली रेघन्‌रेघ मला पाठ होती, आणि त्या घरात ते नाव पहिल्यांदा वाचलं होतं सासूबाईंनी, झेंडूची फुलं निवडता निवडता. "मालकिणीला विचारून सांगते," असं म्हणून मी तिथून निघाले.

तडक पहाडगंजचा जिना चढून गेले. बाईंच्या समोर पत्र ठेवलं आणि मी भडाभडा बोलत सुटले. दसरा, पाट, विळी, सगळं. त्यांनी कुंकवाकडे बघितलं, जवळ घेऊन पुन्हा बघितलं.

"तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या? नेमकं सांगा."

मी नेमकं सांगितलं. इतक्या लांबून बाई घरात आलेली, तिला हळदकुंकू न लावता कशी बसवू.

बाईंनी चष्मा काढला आणि साडीच्या पदराने पुसत बसल्या, काच लख्ख होती तरी. मग म्हणाल्या, "तिची आई गावात होती शेवटपर्यंत. रस्त्यात समोरून यायची. ही उभी राहायची आणि आई मान फिरवून जायची. आम्ही लहान असताना आजी सांगायची हे."

कर्नलसाहेबांचं म्हणणं मी कसंबसं सांगितलं. धुता येईल, पदक मिळेल, नावाचं एखादं अक्षर जाईल.

"आम्ही कुंकू लावत नाही," बाई म्हणाल्या, अगदी वर्गात नियम सांगावा तशा. "पण तिला लावलेलं पुसायचं नाही. आहे तसं लावा."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली. बाईंना ते फारसं आवडलं नसावं. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि चहा ठेवायला उठल्या.

मग मी पहिला कागद नव्याने केला. तिकीटवाल्यांचा नियम असा, की पत्रावरच्या प्रत्येक खुणेचा खुलासा बाजूला लिहायचा: कुणी केली, कुठे, कधी. मी इंग्रजीत सगळं लिहिलं. तिकीट, दर, तांबडा शिक्का, मुंबईचा शिक्का. शेवटी लिहिलं: हळद आणि कुंकू, गुडगाव, दसरा, पाहुणीला. आणि मथळ्याच्या जागी, जिथे सगळे तिकिटाचं नाव आणि साल टाकतात, तिथे मी ठसठशीत अक्षरांत बाईंच्या पणजीचं नाव लिहिलं. कर्नलसाहेबांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मेडल गया।" गेलं तर गेलं, मी म्हटलं, आणि मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

प्रदर्शनाच्या दिवशी दिल्लीतल्या त्या हॉलमध्ये माझी मांडणी कोपऱ्यात आली होती. मी सकाळपासून तिथे उभी. चहा प्यायला जायचीही हिंमत होईना. लोक येत, तिकिटाकडे झेपावत, मग त्यांची नजर कुंकवावर अडखळे. ते खुलासा शोधत, तो वाचत आणि मग पुन्हा पत्त्याकडे जात. प्रत्येक जण, न चुकता. मला ओरडावंसं वाटत होतं. इतर कुठल्याही पाकिटावरचा पत्ता त्या दिवशी कुणी वाचत नव्हतं.

दुपारी बाई आल्या, सासूबाईही आल्या. दोघींची ओळख करून दिली. काय बोलल्या ते मला कळलं नाही, कारण त्या लगेच लोणच्यावर घसरल्या आणि माझ्याकडे दोघींचंही लक्ष उरलं नाही. मी त्यांना समोरच्या बाकावर बसवलं.

मग परीक्षक आले. उंच, करड्या सुटातले, गळ्यात भिंग. तिकिटावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. भिंग सरकलं, लाल ठिपक्यावर थांबलं. त्यांनी खुलासा वाचला. एक भुवई वर गेली. मग सरळ होऊन ते मथळ्याकडे वळले आणि अडखळत, पुटपुटत, भलत्याच ठिकाणी जोर देऊन त्यांनी ते नाव वाचलं.

बाई ताडकन उठल्या.

"नहीं, ऐसे नहीं।" त्यांनी नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. "बोलिए।"

परीक्षक गोंधळले. पण बाईंच्या आवाजात चाळीस पोरांचा वर्ग गप्प बसवायची ताकद होती. ते म्हणाले.

"ज़ोर से।"

आणि त्या गृहस्थांनी भिंग खाली सोडून, छाती भरून, ते नाव असं घेतलं की पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

"ये आपकी कौन थीं?" परीक्षकांनी अदबीने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसू लागल्या. तेव्हा शेजारच्या सासूबाईंनी, ज्यांना हिंदी धड येत नव्हतं आणि ज्या दिल्लीत कुणाशी कधी त्या भाषेत एक शब्द बोलल्या नव्हत्या, बसल्या जागेवरून ठणकावून सांगितलं, "हमारे घर आयी थी। दशहरे को।"